तीन तास दहा मिनिटं

नांदेडात स्टेशन रस्त्याला माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वे, बस, विमान, तिन्हीची तिकिटं काढून देतो. मूळचा मी लातूरचा. विशीत असताना तिथल्या एका खासगी ट्रॅव्हल्सच्या काउंटरवर बसायचो. पुण्याच्या गाडीची सुटायची वेळ झालेली असायची आणि फोन यायचा, जळकोटचे तीन पॅसेंजर लातूरच्या वेशीपाशी आलेत, जीप पंक्चर झाली होती. मी ड्रायव्हरला म्हणायचो, दहा मिनिटं थांब. तो कुरकुरायचा आणि थांबायचा. ते तिघं धापा टाकत यायचे, गाडीत बसायचे, गाडी निघायची. या दहा मिनिटांबद्दल कोणी माझे आभार मानल्याचं आठवत नाही. तसा रिवाजच होता.

तेव्हापासून मला वेळा बसवायचा नाद लागला. कुठली गाडी किती वाजता पोचते, तिथून पुढची किती वाजता निघते, मध्ये चहा पिण्यापुरती फट राहते का, हे मी रिकाम्या वेळी कागदावर मांडत बसायचो. लग्न झाल्यावर नांदेडला आलो. इथलं विमान मध्ये काही वर्षं बंद होतं, पुन्हा सुरू झालं तेव्हा माझ्या नादाला मोठं मैदान मिळालं. सकाळी नांदेडहून हैदराबाद, दुपारी तिथून कुठंही. लातूरला धावपट्टी आहे पण प्रवासी विमान नाही, त्यामुळं तिकडचे लोकही माझ्याकडं येऊ लागले. मुलं परदेशात असलेले आईबाप जास्त. त्यांना मी खुर्चीत बसवायचो आणि एखाद्या अनुभवी माणसासारखं सांगायचो, हैदराबादला उतरा, सामान घ्या, वरच्या मजल्यावर जा. मी स्वतः तोवर एकदाही विमानात बसलो नव्हतो. हे गिऱ्हाइकांना कधी सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

मावशी, म्हणजे मी त्यांना तसं म्हणतो, माझ्याकडं गिऱ्हाईक म्हणून आल्या त्या डिसेंबरात. किनवट तालुक्यातल्या इस्लापूरच्या. बासष्ट वर्षांच्या, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, उंच, बोलायला मोजक्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी आयर्लंडमध्ये नर्स. जावई बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. मुलीचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं होतं, घरात चार वर्षांचा नातू, आणि त्याला सांभाळायला कोणी नाही. म्हणून आईनं जायचं. व्हिसा मुलीनं तिकडून पाहिला होता. तिकीट तिनं मुद्दाम माझ्याकडून काढायला सांगितलं. ऑनलाइन तिला स्वतःलाही काढता आलं असतं. पण आईला समोर बसवून समजावून सांगणारा माणूस हवा, असं ती फोनवर म्हणाली.

ऑपरेशन गुरुवारी होतं. मंगळवारी रात्री मावशी पोचल्या की बुधवारचा अख्खा दिवस नातवाला त्यांची सवय व्हायला मिळेल, असा मुलीचा हिशेब. हैदराबादहून आखातातल्या एका शहरात आणि तिथून पुढं डब्लिन, हे एक तिकीट मी काढलं. नांदेड ते हैदराबाद हे दुसरं, वेगळ्या छोट्या कंपनीचं. सकाळी आठ दहाला नांदेड सोडायचं, नऊ दहाला हैदराबाद. पुढचं विमान बारा वीसला. मधे तीन तास दहा मिनिटं.

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असली, तर पहिल्याला उशीर झाल्यावर पुढची सोय कंपनीनं करायची असते. बॅगही परस्पर पुढं जाते. तिकिटं वेगळी असतील तर मधल्या वेळेची जबाबदारी प्रवाशाची. पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसऱ्याला त्याचं काही नसतं. हे मला पक्कं ठाऊक होतं. मी मावशींना ते सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच विचारलं होतं, आदल्या दिवशी बसनं जाऊन हैदराबादला राहिले तर बरं पडंल का म्हणून. मी म्हणालो, कशाला त्रास करून घेता, तीन तासांवर वेळ आहे, आरामात होतंय. माझ्या मनात तो जोड इतका छान बसला होता की तो मोडावासा वाटला नाही.

खुर्चीचंही मी विचारलं होतं. इंग्रजी न येणाऱ्या वयस्कर माणसांसाठी आम्ही व्हीलचेअर मागवतो. पाय धड असले तरी. ढकलणारा माणूस थेट पुढच्या विमानापर्यंत नेऊन सोडतो, वाट चुकायची भीती नाही. मावशी म्हणाल्या, माझे पाय धड हायत, मी कशाला बसू. मी आग्रह केला नाही. त्याऐवजी एका जाड कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत चिठ्ठी लिहून दिली. विमानातून उतरा. लोक जातील तिकडं जा. पट्ट्यावरून बॅग घ्या. बाहेर या. लिफ्टनं वर जा. दारावरच्या जवानाला पासपोर्ट आणि तिकीट दाखवा. असं करत डब्लिनला मुलगी भेटेपर्यंत. खाली माझा फोन नंबर. चिठ्ठी लिहून झाल्यावर मला समाधान वाटलं होतं.

त्या मंगळवारी सकाळी सातला मी खिडकी उघडली तर समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसत नव्हती. गोदावरीच्या अंगानं हिवाळ्यात कधी कधी असं धुकं येतं. आदल्या दिवशी मावशी बसनं येऊन नांदेडातल्या भाचीकडं उतरल्या होत्या आणि भाचीच्या नवऱ्यानं त्यांना साडेसहालाच विमानतळावर सोडलं होतं. मी आठला फोन केला. मावशी म्हणाल्या, विमान अजून आलंच न्हाई, पण लोक बसूनच हायत, मी बी बसले. मी सांगितलं, धुकं ओसरेल, वेळ आहे.

नऊला अजून धुकं होतं. साडेनऊला हैदराबादहून येणारं विमान उतरलं. मी दुकानात कॉम्प्युटरसमोर बसून होतो आणि डोक्यात बेरीज चालू होती. दहाला निघालं तर अकराला पोचणार. बॅग मिळायला वीस-पंचवीस मिनिटं. पुढच्या विमानाचं काउंटर अकरा वीसला बंद होणार. म्हणजे जमत नव्हतं. बॅग लवकर आली, काउंटरवरचा माणूस भला असला, तर कदाचित.

त्या वेळी एक गोष्ट करता आली असती. मावशींना नांदेडलाच थांबवून पुढचं तिकीट विमान सुटायच्या आत दुसऱ्या दिवसावर टाकायचं. मग त्या भाचीकडं परत गेल्या असत्या आणि मी त्यांना सोबत देऊन संध्याकाळच्या बसनं पाठवलं असतं. पंधरा-वीस मिनिटं माझ्या हातात होती. मी ती या कदाचितवर घालवली. त्यांना फोन करून एवढंच म्हणालो, मावशी, उतरल्यावर जरा घाई करा. त्या बरं म्हणाल्या. दहा पाचला विमान निघालं.

अकरा दहापासून मी फोन लावायला लागलो. संपर्क होऊ शकत नाही, असं उत्तर येत राहिलं. अकरा वीस झाले, साडेअकरा झाले. पुढच्या विमानाच्या मदत क्रमांकावर अर्धा तास संगीत ऐकलं, मग एका मुलीनं नम्रपणे सांगितलं की दोन्ही बुकिंग वेगळी असल्यामुळं कंपनी काही करू शकत नाही. प्रवासी विमानात चढला का, हेही सांगता येणार नाही. बारा वीसला ते विमान हैदराबादहून सुटलं. माझ्या पडद्यावर त्याचं छोटं चित्र पश्चिमेकडं सरकू लागलं. त्यात मावशी आहेत की नाहीत, हे मला माहीत नव्हतं.

साडेबाराला मावशींच्या मुलीचा फोन आला. तिकडं सकाळचे सात वाजले होते. ती म्हणाली, आईचा फोन लागत नाही, विमानात बसली का. मी तिला खरं ते सांगितलं. धुकं, उशीर, बहुधा विमान चुकलं असावं, आणि त्या नेमक्या कुठं आहेत ते मला कळत नाही.  फोनवर तिच्या मागं लहान मूल काहीतरी मागत होतं.

मग तिनं विचारलं, "तिकिटं दोन वेगळी आहेत, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

"हो."

"आईला सांगितलं होतं?"

"नाही."

"मला?"

"नाही."

तिनं फोन ठेवला. ती ओरडली असती तर मला बोलायला काहीतरी सापडलं असतं.

मी दुकान बंद केलं. बायकोला फोनवर सांगितलं की हैदराबादला निघालोय, उद्या येईन. ती म्हणाली, कुणाला शोधायला एवढ्या मोठ्या जागेत. मी म्हटलं, उंच आहेत, नऊवारी नेसतात, दिसतील. गाडी काढली आणि देगलूरच्या रस्त्याला लागलो. रस्ता आता चांगला झालाय. दोन्ही बाजूंना हरभरा उभा होता. दुपारचं ऊन स्वच्छ पडलेलं; सकाळी इथं दहा फुटांवरचं दिसत नव्हतं, हे कुणाला सांगितलं तर पटलं नसतं. दर पंधरा मिनिटांनी गाडी कडेला घेऊन नंबर लावत होतो.

देगलूरच्या अलीकडं अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई दखनी वळणाच्या हिंदीत विचारत होती, "नांदेडवाले भैया बोलते क्या?" मी हो म्हटलं. तिनं फोन कुणाच्या तरी हातात दिला.

"भाऊ, मी हाय," मावशी म्हणाल्या. "विमान गेलं माझं. मी बरी हाव. तुमी तकडं जिवाला घोर लावून घेऊ नका."

मी विचारलं कुठं आहात. त्या म्हणाल्या, हितंच, एका बाईजवळ. मी निघालोय म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, येऊ नका म्हणलं असतं, पर निघालाच हाय तर सावकाश या. लेकीला तेवढं सांगा मी सापडले म्हणून. मी मुलीला फोन केला. तिनं ऐकून घेतलं, ठीक आहे म्हणाली. देगलूरला एका हॉटेलसमोर गाडी लावली आणि मोबाईलवर दुसऱ्या दिवशीच्या त्याच विमानाचं तिकीट काढलं. जागा होती. या वेळी व्हीलचेअरही मागवली, न विचारता.

काय झालं होतं ते मला नंतर मावशींनीच सांगितलं. नांदेडला विमान सुटताना शेजारच्या मुलानं त्यांचा मोबाईल घेऊन त्यावरची विमानाची खूण दाबून दिली होती. ती उतरल्यावर पुन्हा दाबायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, परराज्यात आलोय म्हणून फोन मेला. चिठ्ठी हातात धरून त्यांनी सगळं बरोबर केलं. बॅग उशिरा आली. लिफ्टनं वर गेल्या, जवानानं तिकीट बघून आत सोडलं. काउंटरपाशी पोचल्या तेव्हा बाराला पाच कमी होते आणि तिथं पाटी बदललेली होती. एका मुलानं त्यांना इंग्रजीत आणि मग हिंदीत सांगितलं की बंद झालं. सामान घेऊन अमुक ठिकाणी जा, तिथं बोला. ते अमुक ठिकाण त्यांना कळलं नाही. त्या एका खुर्चीवर बसल्या. चिठ्ठी उघडून पुन्हा वाचली. पुढची ओळ होती, काउंटरवर बॅग द्या.

त्या तिथं दोन तास बसून होत्या. रडल्या नाहीत, असं त्या म्हणाल्या, आणि मला ते खरं वाटतं. तहान लागली होती, पण बॅग कुणाजवळ सोडायची म्हणून उठल्या नाहीत. तिथं फरशी पुसणारी एक बाई होती. तिची पाळी सकाळी सहा ते दोन. बाराला पुसताना तिनं मावशींना पाहिलं होतं, पावणेदोनला पुन्हा त्याच जागी त्याच तऱ्हेनं बसलेलं पाहिलं. ती पोचा हातात धरून जवळ आली आणि तिनं विचारलं, "एमैंदम्मा?"

मावशींचं माहेर सरहद्दीपलीकडचं, आदिलाबादच्या बाजूचं. लग्न होऊन इस्लापूरला येईपर्यंत त्या घरात तेलुगूच बोलत होत्या. काय झालं आई, असं कुणी त्या भाषेत विचारल्याला त्यांना किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. त्यांनी सगळं सांगितलं. त्या बाईनं आधी पाणी आणून दिलं, मग चिठ्ठी मागितली. मराठी तिला वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते.

मी साडेपाचला पोचलो. खालच्या मजल्यावर, बस थांबतात त्याच्या पलीकडं एका कट्ट्यावर दोघी बसल्या होत्या. मधे फडकं पसरलेलं, त्यावर मावशींनी प्रवासासाठी आणलेली ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. ती बाई चाळिशीची असेल. कामाच्या निळ्या कपड्यांवर तिनं स्वेटर घातला होता. तिची पाळी दोनला संपली होती. साडेतीन तास ती घरी न जाता तिथं बसून होती. मी आल्यावर ती उठली आणि थोडी लांब जाऊन उभी राहिली.

मी मावशींना म्हणालो की चूक माझी आहे. दोन तिकिटांचं सांगायला हवं होतं, आदल्या दिवशी पाठवायला हवं होतं, सकाळी नांदेडलाच थांबवायला हवं होतं. गाडीत मी हे सगळं क्रमानं जुळवून ठेवलं होतं आणि तसंच बोललो. त्यांनी मधे अडवलं नाही. माझं झाल्यावर त्यांनी पिशवीतून चिठ्ठी काढली. ती घडीवर घडी पडून मऊ झाली होती.

"धुकं काय तुमी आणलं न्हाई," त्या म्हणाल्या. "पर ह्या कागदात सगळं बरोबर झालं तर काय करायचं तेवढंच लिवलंय. चुकलं तर काय करायचं ते कुठंच न्हाई. मी दोन तास तेच हुडकून राहिले."

 त्यांच्या आवाजात राग नव्हता. अंगणवाडीत एखाद्या नव्या मदतनिसाला त्या जसं सांगत असतील, तसं त्यांनी सांगितलं.

मी त्यांच्यासाठी जवळच्या हॉटेलात खोली पाहतो म्हणालो. त्यांनी नको म्हटलं. "ही म्हणती, घरी चल. मी तिच्याकडं जाते. तुमी लॉज बगा." ती बाई शमशाबादेत राहत होती, बसनं पंधरा-वीस मिनिटं. मी घुटमळलो. अनोळखी माणूस, अनोळखी घर, आणि मुलीला मी काय सांगणार. मावशींच्या ते लक्षात आलं असावं. त्या म्हणाल्या, तुमच्याकडं आले तवा तुमी तरी कुठं वळखीचे होता.

मी दोघींना गाडीतून तिच्या घरापर्यंत सोडलं. वाटेत त्या मागच्या सीटवर तेलुगूत बोलत होत्या. अधूनमधून मावशी एखाद्या शब्दाला अडत, बाई तो सांगे, आणि मावशी तो दोनदा म्हणून बघत. घरी म्हातारी सासू आणि दोन मुली होत्या. मला चहासाठी थांबायला सांगितलं. मी थांबलो नाही.

सकाळी आठला विमानतळावर गेलो तर मावशी आधीच तिथं होत्या. त्या बाईची पाळी सहाला सुरू होत होती, म्हणून त्या तिच्याबरोबर पहाटेच आल्या होत्या. केस धुतलेले, साडी दुसरी. व्हीलचेअरचं मी सांगितलं, तर त्यांनी वाद घातला नाही. हिनं बी रात्री तेच सांगितलं, म्हणाल्या. दारावर माझ्याकडं तिकीट नसल्यामुळं मला आत जाता येत नव्हतं. ज्या जागेची वाट मी कितीतरी लोकांना समजावून सांगितली होती, तिच्या दाराशी मी उभा होतो. ती बाई तिचं ओळखपत्र गळ्यात घालून आली, बॅगेची गाडी हातात घेतली आणि मावशींबरोबर आत गेली. काचेतून त्या काउंटरच्या रांगेत उभ्या दिसल्या. अर्ध्या तासानं बाई बाहेर आली आणि हातानंच झालं म्हणून सांगितलं. मी तिला काही द्यायला खिशात हात घातला. तिनं मान हलवली आणि कामावर गेली.

मावशी बुधवारी रात्री डब्लिनला पोचल्या. ऑपरेशन ठरल्याप्रमाणं गुरुवारी सकाळी झालं. बुधवारचा जो दिवस मधे मिळणार होता, तो मिळाला नाही.

फेब्रुवारीत मी स्वतः नांदेडहून हैदराबादला विमानानं गेलो आणि दुसऱ्या दिवशी बसनं परत आलो. कामाचं कारण सांगितलं, पण काम काही नव्हतं. खिडकीशी बसलो होतो. विमान वर जाताना ही माझी पहिलीच वेळ आहे, हे शेजारच्याला कळू दिलं नाही. उतरल्यावर मी घड्याळ लावून चाललो. दार उघडायला आठ मिनिटं लागली. हे मी कधी हिशेबात धरलं नव्हतं. बसमधून इमारतीपर्यंत सहा. पट्ट्यावर बॅग यायला सव्वीस. लिफ्टसमोर रांग होती. वर पोचून दारापाशी उभा राहिलो तेव्हा पन्नास मिनिटं गेली होती, आणि मी एक हलकी बॅग घेऊन, भाषा येत असताना, चुकायची भीती नसताना चाललो होतो. तिथं ती बाई दिसते का पाहिलं. नव्हती. कदाचित तिची पाळी बदलली असेल.

त्यानंतर मी परदेशी जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना वेगळ्या तिकिटांवर त्याच दिवशीचा जोड देत नाही. काही जण कुरकुरतात. शेजारचा दुकानदार देतो म्हणतात, मग मी त्यांना तिकडं जायला सांगतो. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आता मी दुसरं लिहितो. विमान चुकलं तर जागेवरून हलायच्या आधी फोनवरची विमानाची खूण दाबा. मला फोन करा. मी उचलला नाही तर या दुसऱ्या नंबरवर करा. पाणी प्या. ही शेवटची ओळ वाचून लोक हसतात.

मे महिन्यात किनवटला काम निघालं. येताना इस्लापूरला उतरलो. मावशी परत आल्याचं मला भाचीकडून कळलं होतं. परतीचं तिकीट मुलीनं स्वतः काढलं होतं, मुंबईपर्यंत एकाच तिकिटावर, आणि तिथून नांदेडपर्यंत रेल्वेनं. मला विचारलं नव्हतं. तिच्या जागी मी असतो तर मीही विचारलं नसतं.

मावशी ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मला बसायला पाट दिला, चहा टाकला. ऑपरेशन चांगलं झालं, लेक महिन्याभरात कामावर गेली, असं त्यांनी सांगितलं. आखातातल्या त्या शहरात खुर्चीत बसवून एका मुलानं त्यांना शेकडो लोकांच्या पुढं काढलं, तेव्हा लई लाज वाटली, डोळे मिटून घेतले, असंही सांगितलं. मी नातवाचं विचारलं.

"पहिल्या रात्री माझ्याजवळ आलाच न्हाई," त्या म्हणाल्या. "बुधवारी रात्री मी गेले, गुरुवारी सकाळी आई दवाखान्यात. तो दार धरून उभा. मी कोण हे त्याला फोनमधून ठावं होतं, पर फोनमधली मी आन घरातली मी, त्याला जुळंना. दोन दिस काय खाल्लं न्हाई त्यानं. तिसऱ्या दिशी आपुन होऊन जवळ आला."  त्यांनी हातातली चिंच फोडून चिंचोका बाजूला टाकला. "एक दिस आदी गेले असते तर एवढं रडला नसता."

मी म्हणालो, तो दिवस माझ्यामुळं गेला.

"व्हय," त्या म्हणाल्या.

मग त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. मी विचारलं, मुलगी अजून रागावलीय का. त्या म्हणाल्या, हाय की. मी तिची समजूत काढत बसले न्हाई. तिथं एकटी ती होती, दवाखान्यात जाताना लेकरू रडत होतं ते तिनं ऐकलं, तिला राग असू द्या. मग मला विचारलं, साखर कमी झाली का. मी बरोबर आहे म्हटलं आणि चहा प्यालो.